भूल दिल्यावर औषध मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं?

एका मुलीने प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा आहे. तिच्या आईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलंय, दुर्बिणीतून, इथेच इंदूरला, आणि घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात काळजी कशाला, झोपेचं इंजेक्शन तर असतं. आतेभाऊ म्हणतो की भूल काम कशी करते हे खुद्द डॉक्टरांनाच माहीत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलंय. आणि ती स्वतः विचारतेय की सगळे रिसेप्टर रिसेप्टर म्हणतात ते काय असतं, औषध तिथे जाऊन करतं काय. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची वाटतेय म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

मी भूल देणारी डॉक्टर, इंदूरच्या पेशंटच्या भाषेत बेहोशीवाली मॅडम. सगळं आयुष्य ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पेशंटच्या डोक्याशी उभं राहण्यात गेलंय, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड जातं, उत्तर लांब होणार हे आधीच सांगून ठेवते.

आधी आतेभावाचं बघू, कारण हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतं आणि मला त्याचा मनापासून वैताग आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. आज औषध कुठल्या प्रोटीनला चिकटतं, त्या प्रोटीनच्या कुठल्या फटीत शिरतं, तिथलं कितव्या नंबरचं अमिनो आम्ल (प्रोटीनच्या माळेतला एक मणी) बदललं की औषध लागू पडत नाही, इथपर्यंत माहिती आहे. अडतं ते त्याच्या पुढे, म्हणजे त्या प्रोटीनचं वागणं बदललं की ‘मी इथे आहे’ ही जाणीव का जाते, कारण मुळात ही जाणीव मेंदू तयार कशी करतो हेच अजून पुरतं उलगडलेलं नाही. तो प्रश्न भुलेचा कमी आणि मेंदूचा जास्त आहे, आणि त्यावरून ‘डॉक्टरांनाच माहीत नाही’ म्हणणं म्हणजे उगाच पेशंटला घाबरवणं.

ही समजूत आली कुठून तेही ऐक, मजेशीर आहे. 16 ऑक्टोबर 1846 ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर देऊन सगळ्यांसमोर ऑपरेशन करू दिलं, पुढच्याच वर्षी एडिनबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणला, आणि काही वर्षांतच जगभर भूल देणं सुरू झालं. पण का चालतं हे कोणालाच सांगता येईना. अडचण अशी की भूल आणणारे पदार्थ एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. ईथर वेगळं, क्लोरोफॉर्म वेगळं, नायट्रस ऑक्साइड वेगळं, आणि झेनॉन तर निष्क्रिय वायू, एकुलता एक अणू, तो सहसा कोणाशी रासायनिक क्रियाही करत नाही, पण भूल मात्र आणतो. मग 1899 मध्ये मेयर आणि 1901 मध्ये ओव्हर्टन, दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट दाखवली, की जो पदार्थ ऑलिव्ह ऑइलमध्ये जितका जास्त विरघळतो तितका तो भुलेला जास्त जोरकस. आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा येते. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की पेशीचं आवरण चरबीचं असतं, औषध त्यात विरघळतं, आवरण सैल पडतं आणि चेतापेशी थंडावते. रिसेप्टर-बिसेप्टर काही नाही, नुसती चरबी. ही कल्पना जवळपास ऐंशी वर्षं टिकली!

मग तिला तडे जायला लागले. भुलेच्या नेहमीच्या डोसने आवरण जितकं सैल होतं तितकं ते एखाद डिग्री तापमान वाढल्यावरही होतं, पण ताप आला म्हणून कोणी बेशुद्ध पडून ऑपरेशन करून घेत नाही. दुसरं, अल्कोहोलची साखळी लांब लांब करत गेलं तर ते तेलात जास्त जास्त विरघळतं, पण एका लांबीनंतर त्याची भूल आणण्याची ताकद एकदम संपते, जणू जागेत मावतच नाही. तिसरं मला सगळ्यात पटतं. काही औषधांचे रेणू आरशातल्या प्रतिमेसारखे दोन प्रकारचे असतात, उजवे आणि डावे. तेलाला दोन्ही सारखेच, दोन्ही सारखेच विरघळतात. पण एटोमिडेट नावाच्या औषधाचा एक प्रकार दुसऱ्यापेक्षा कितीतरी पट जोरकस निघाला. उजवं-डावं ओळखायला ठरावीक आकाराची जागा लागते, चरबीत अशी जागा नसते, ती प्रोटीनमध्ये असते.

शेवटचा घाव काजव्याने घातला. 1984 मध्ये लंडनच्या फ्रँक्स आणि लीब या दोघांनी काजव्याच्या पोटातलं प्रकाश पाडणारं प्रोटीन घेतलं, ल्युसिफरेज, त्यात चरबीचा लवलेश नाही, आणि त्यावर भुलेची औषधं टाकली. प्रकाश मंदावला, आणि तोही साधारण त्याच प्रमाणात ज्या प्रमाणात ती औषधं प्राण्यांना भूल आणतात. म्हणजे तेलातली ती सरळ रेषा खरी होती, अर्थ चुकला होता. प्रोटीनच्या आतही तेलकट खबदाडं असतात आणि औषध तिथे शिरून बसतं. (हल्ली, 2020 च्या आसपास, आवरणातल्या चरबीचे विशिष्ट ठिपके विस्कटतात आणि त्यामुळे एक पोटॅशियमचं चॅनल, म्हणजे आवरणातली पोटॅशियमचे कण जाऊ देणारी वाट, उघडतं असं दाखवणारं कामही आलंय, तेव्हा बिचारी चरबी अगदीच हद्दपार झालेली नाही. विज्ञानात असं चालतं.)

आता तुझा मूळ प्रश्न, रिसेप्टर. चेतापेशीच्या आवरणात बसवलेलं एक प्रोटीन, त्याला बाहेरून एखादं रसायन येऊन चिकटलं की त्याचा आकार बदलतो आणि आतमध्ये काहीतरी घडतं, इतकंच. भुलेसाठी सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे गाबा-ए रिसेप्टर. गाबा हे मेंदूतलं शांत करणारं मुख्य रसायन. हा रिसेप्टर पाच तुकड्यांचा बनलेला असतो, बहुतेक ठिकाणी दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गामा, पाचही गोल करून उभे, आणि मधोमध एक बारीक भोक. गाबा बाहेरच्या बाजूला येऊन बसला की हे भोक उघडतं, त्यातून क्लोराइडचे ऋण भार असलेले कण आत शिरतात, पेशीच्या आतलं व्होल्टेज आणखी खाली जातं, आणि मग त्या पेशीला पुढे निरोप पाठवणं जड जातं. हे दिवसभर, आत्ता तू वाचतेयस तेव्हाही चालू आहे. गाबा नसता तर मेंदूला सतत फिट आली असती.

प्रोपोफॉल, म्हणजे आईला बहुतेक जे देतील ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन, ते गाबाच्या जागेवर बसतच नाही. ते खाली, आवरणाच्या जाडीत, बीटा आणि अल्फा या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत शिरतं. तिथे बसल्यावर होतं काय, की गाबा आला की ते भोक जास्त वेळ उघडं राहतं, थोडासा गाबाही पुरतो. आणि डोस वाढवला तर गाबा नसतानाही भोक आपोआप उघडायला लागतं. हा दुसरा भाग लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

हे सगळं नुसतं तर्काने नाही ठरलेलं. 2003 मध्ये असे उंदीर तयार केले की ज्यांच्या बीटा-3 तुकड्यात 265 नंबरच्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं होतं, अ‍ॅस्परॅजिनच्या जागी मेथायोनिन. बाकी उंदीर अगदी नेहमीसारखे. ज्या डोसला साधा उंदीर पंजा दाबला तरी हलत नाही त्या डोसला हे उंदीर पंजा ओढून घ्यायचे, प्रोपोफॉल आणि एटोमिडेट दोन्हींच्या बाबतीत. श्वासातून द्यायच्या भुलेच्या गॅसच्या बाबतीत मात्र फरक थोडाच पडला. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रोटीनमधलं एक बदललं आणि औषध हरलं! आता आतेभावाला विचार, याहून जास्त ‘माहीत असणं’ काय असतं.

प्रोपोफॉलबद्दल अजून थोडं सांगते कारण ते माझं आवडतं औषध आहे. पहिल्यांदा 1977 मध्ये माणसांवर वापरून बघितलं, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि ज्या तेलकट द्रावणात घातलं होतं त्याची लोकांना अ‍ॅलर्जी यायला लागली, म्हणून परत सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन वापरून नवीन बनवलं, ते 1986 ला बाजारात आलं. शोधणारे ग्लेन म्हणून होते, मूळचे जनावरांचे डॉक्टर, 2018 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या माळव्यात सोयाबीनचं इतकं पीक, आणि त्याच तेलाचा हा उपयोग फार कमी जणांना माहीत असतो. तर ते हाताच्या शिरेतून जाताना चुरचुरतं, बऱ्यापैकी, म्हणून आम्ही आधी थोडं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, देतो. आईच्या बाबतीत, वजन 60 किलो धरलं तर, साधारण 10-12 एमएल, वय जास्त असेल तर कमी आणि सावकाश. पेशंट बोलत असतो, मध्येच एक जांभई येते, वाक्य लांबतं, नजर छताच्या लाइटवर एका जागी थांबते, मग मी पापणीच्या केसांवरून बोट फिरवते, पापणी हलली नाही की समजायचं भान गेलं. हाताच्या शिरेतून निघून मेंदूपर्यंत पोचायला लागतो तेवढाच वेळ, अर्धा-पाऊण मिनिट. आणि एकट्या त्या डोसवर सोडून दिलं तर पाच-दहा मिनिटांत जागही येते. औषध शरीरातून गेलेलं नसतं, मेंदूतून निघून स्नायूंत आणि इतरत्र पसरलेलं असतं, आणि मेंदूत कमी झालं की त्या फटी मोकळ्या होतात. म्हणूनच ऑपरेशनभर गॅस नाहीतर पंपाने प्रोपोफॉल चालू ठेवावं लागतं. ‘दोन तासांचं इंजेक्शन दिलंय’ असं जे लोक म्हणतात तसं काही नसतं.

पण भूल म्हणजे एकटा गाबा नाही. केटामाइन घे. हे गाबाच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. मेंदूतलं उत्तेजित करणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, त्याचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर, त्याचं भोक उघडलं की केटामाइन त्या भोकातच जाऊन अडकून बसतं. गंमत म्हणजे ते सगळ्यात आधी अशा पेशींना गप्प करतं ज्यांचं काम दुसऱ्यांना गप्प करणं हेच असतं, म्हणून मेंदूचा वरचा भाग उलट जास्त गडबड करायला लागतो. पेशंटचे डोळे उघडे, बुबुळं हळूहळू इकडून तिकडे सरकतायत, श्वास स्वतःचा चालू, बीपी उलट वाढलेलं, आणि तुम्ही जखम धुताय तरी त्याला पत्ता नाही. बघणाऱ्या नातेवाइकाला ही भूल आहे असं वाटतच नाही. पुढे जाग येताना काहींना विचित्र स्वप्नं पडतात. एक जण उठून मला म्हणाले, मैडम मैं तो राजवाड़े के ऊपर से उड़ रहा था. 1970 पासून अधिकृत वापरात आहे, भाजलेल्यांच्या ड्रेसिंगला, दम्याच्या पेशंटला, जिथे मोठं मशीन नाही अशा गावातल्या दवाखान्यात, हे औषध नसतं तर फार हाल झाले असते. नायट्रस ऑक्साइड आणि तो निष्क्रिय झेनॉन, तेही मुख्यत्वे याच एनएमडीएच्या वाटेने जातात.

आणि गॅसेस, म्हणजे सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन, ते तर सगळीकडे हात घालतात. गाबा-एला जोर देतात, पाठीच्या कण्यातल्या ग्लायसिनच्या रिसेप्टरला जोर देतात, पोटॅशियमची काही चॅनल्स असतात जी नेहमीच थोडी गळत असतात, ट्रेक आणि टास्क नावाची, ती आणखी उघडतात म्हणजे पेशी आणखी शांत, आणि पेशीच्या टोकातून रसायन बाहेर पडतं तेही कमी करतात. 2004 मध्ये ट्रेक-1 नसलेले उंदीर बनवले तर त्यांना भूल आणायला जास्त गॅस लागला. कोणता एक रिसेप्टर काढून टाकला की गॅस पूर्ण निकामी होतो असा एकही सापडलेला नाही. एक कळ दाबली की दिवा बंद, असं इथे नाही, आणि आतेभावाने वाचलेल्या लेखाला बहुतेक हेच म्हणायचं असावं.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो कोणी सांगत नाही तो. पेशंट बेशुद्ध आहे, त्याला आठवणार नाही, तो हलत नाही, आणि त्याचं शरीर वेदनेला उसळत नाही, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या जागी घडतात, आणि बरेचदा वेगवेगळ्या औषधांनी. गॅसचा डोस मोजायचं एक माप आहे, मॅक, म्हणजे चीर दिल्यावर शंभरातले पन्नास पेशंट हलणार नाहीत इतकं गॅसचं प्रमाण. सेवोफ्लुरेनचं साधारण 2 टक्के, डेसफ्लुरेनचं 6 टक्के, नायट्रस ऑक्साइडचं 104 टक्के, म्हणजे शंभराच्या वर, म्हणून एकट्या नायट्रसवर ऑपरेशन होऊच शकत नाही. सगळ्यांना वाटायचं हे मेंदूचं माप आहे. 1993 मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रयोग झाले, एकात उंदरांचा मोठा मेंदूच तोडून वेगळा केला तरी हे माप बदललं नाही, दुसऱ्यात बकऱ्यांच्या मेंदूला आणि बाकी शरीराला गॅस वेगवेगळा दिला, आणि गॅस फक्त मेंदूला पोचला तर हालचाल थांबवायला दुपटीहून जास्त लागला. म्हणजे न हलणं हे बहुतांश पाठीच्या कण्यात ठरतं! आठवण पुसणं हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागात, तेही अगदी कमी डोसला. भान जाणं थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेलं निरोपांचं जंक्शन) आणि मेंदूच्या वरच्या थरात, साधारण मॅकच्या एक तृतीयांशाला. म्हणून पेशंट हलला याचा अर्थ तो जागा आहे असा नाही, आणि तो हलत नाही याचा अर्थ गाढ भुलेत आहे असाही नाही.

हे दुसरं जास्त गंभीर. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस (भुलेचा नव्हे) भरतात, स्नायू सैल लागतात, म्हणून वेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम देतात. ही औषधं मेंदूत जातच नाहीत, स्नायू आणि नस जिथे मिळतात तिथल्या रिसेप्टरवर बसतात. ती भूल नाहीत. भूल कमी पडली आणि हे औषध चालू असेल तर माणूस आतून जागा आणि बाहेरून दगड. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याची मोठी पाहणी झाली, 2014 मध्ये अहवाल आला, अशा तक्रारी एकूण 19 हजार भुलांमागे एक, स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर साधारण 8 हजारांमागे एक, आणि दिलेलं नसेल तर 1 लाख 36 हजारांमागे एक. आकडा छोटा आहे, घाबरू नकोस, पण आम्ही पूर्ण वेळ तिथे उभं राहून गॅसचा आकडा, नाडी, बीपी बघत का बसतो त्याचं हे एक कारण. सर्जन लोक गमतीने म्हणतात तुमचं काय, सुई दिली की मोबाइल. म्हणोत बापडे.

मग रिसेप्टरवर औषध बसलं इथपासून भान गेलं इथपर्यंत मधे काय होतं? कपाळाला पट्टी लावून मेंदूचे विद्युत तरंग बघितले तर प्रोपोफॉल दिल्यावर मेंदू सपाट शांत होत नाही, उलट कपाळाच्या बाजूला सेकंदाला 8 ते 12 वेळा असा एक ठोस, एकसुरी ठेका सुरू होतो आणि त्याच्या खाली अगदी सावकाश मोठ्या लाटा. थॅलॅमस आणि वरचा थर एकमेकांशी या एकाच ठेक्यात बांधले जातात. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर सगळ्या गाड्यांवर डीजे एकाच तालात वाजतोय, आवाज तर प्रचंड आहे, पण शेजारच्या माणसाला ‘पाणी दे’ एवढंही सांगता येत नाही, तसं. बोलायला ताल बदलावा लागतो, तो बदलताच येत नाही. डोस फारच वाढला तर मग मधेमधे सपाट रेषा येते, ते आम्हाला नको असतं, खासकरून म्हाताऱ्या माणसांत. आणि केटामाइनमध्ये हा ठेका येतच नाही, उलट वेगवान तरंग वाढतात, भुलेची खोली मोजणारं मशीन फसतं आणि पेशंट जागा असल्यासारखा आकडा दाखवतं. दोन औषधं, दोन वेगळे रिसेप्टर, मेंदूचे दोन वेगळे नकाशे, आणि परिणाम वरून दिसायला एकच.

आता बाबांचं, झोपेचं इंजेक्शन. अगदीच चूक नाही. मेंदूच्या तळाशी झोपेची आणि जागेपणाची केंद्रं आहेत आणि त्यातल्या काहींना ही औषधं गाठतात. डेक्समेडेटोमिडिन नावाचं एक औषध तर जागेपणा टिकवणाऱ्या केंद्रातल्या अल्फा-2 रिसेप्टरवर बसतं आणि त्याची गुंगी खऱ्या झोपेच्या बरीच जवळ असते, हाक मारली की पेशंट डोळे उघडतो, उत्तर देतो, परत झोपतो. पण झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो, झोपेचे टप्पे बदलत राहतात, स्वप्नं येतात, श्वास स्वतःचा असतो. पूर्ण भूल ही त्यापेक्षा औषधाने आणलेल्या आणि परत फिरवता येणाऱ्या कोमाच्या जवळची आहे. हा शब्द आईसमोर वापरू नकोस म्हणजे झालं. आणि गाबाचाच जोर श्वासाच्या केंद्रावरही पडतो, म्हणून प्रोपोफॉलच्या पूर्ण डोसला श्वास थांबतो, आम्ही नळी घालून मशीनने श्वास देतो. बाबांना ही झोप वाटते, पण ती घरच्या गादीवर घेता येत नाही ती यासाठी.

जाग येण्याबद्दलही एक छान गोष्ट आहे. सगळ्यांना वाटतं की औषध उतरलं की माणूस त्याच रस्त्याने परत येतो ज्या रस्त्याने गेला. 2008 मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या ओरेक्सिन नावाचं जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी काढून बघितल्या. भूल चढायला नेहमीइतकाच डोस लागला, पण उतरायला कितीतरी जास्त वेळ. म्हणजे जागं होणं हे मेंदूचं स्वतंत्र काम आहे. त्यामुळे शेजारच्या काकू वीस मिनिटांत बोलायला लागल्या आणि आई तासभर गुंगीत आहे असं झालं तर लगेच फोनाफोनी करू नका.

एक विषयांतर करते, राहवत नाही म्हणून. लाजाळूच्या झाडाला ईथरची वाफ दिली की ते पानं मिटायचं थांबतं, क्लॉड बर्नारने एकोणिसाव्या शतकातच हे दाखवलं होतं, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांनी क्लोरोफॉर्मचे झाडांवरचे परिणाम मोजून दाखवले. झाडाला मेंदू नाही, झोप नाही, जाणीवेचा तर प्रश्नच नाही, तरी भूल लागते, कारण आवरण आणि त्यातली चॅनल्स त्यालाही आहेत.

आता कामाचं. रिसेप्टरचं हे सगळं ज्ञान आईच्या बाबतीत कुठे उपयोगी पडतं तर भुलेच्या आधीच्या तपासणीत, आम्ही जे खोदून खोदून विचारतो त्यात. वय वाढलं की गॅस कमी लागतो, चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 6 टक्के कमी. रोज दारू पिणाऱ्याचे गाबा रिसेप्टर बोथट झालेले असतात आणि एनएमडीए वाढलेले, म्हणून त्याला भूल जास्त लागते, पण त्याच दिवशी पिऊन आला असेल तर उलट कमी. तसंच भांग. आपल्याकडे उज्जैन हाकेच्या अंतरावर, भांग म्हणजे लोकांना नशा वाटतच नाही, प्रसाद वाटतो, आणि विचारलं तर ‘नहीं मैडम, कुछ नहीं लेते’. नियमित घेणाऱ्यांना प्रोपोफॉल जास्त लागतं असं आढळलंय, तर घरातल्या पुरुष मंडळींच्या ऑपरेशनला हे खरं सांगायला लावा, आम्ही कोणाला रागवत नाही. आणि सकाळी पोहे-जलेबी खाऊन यायचं नाही! तळलेलं, जड खाल्लं असेल तर आठ तास, हलकं खाल्लं असेल तर सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. बेशुद्धीत घशाची राखण करणारी प्रतिक्षिप्त क्रियाही जाते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर मोठा घोळ होतो. ‘थोडेसेच खाल्ले’ असं सांगणारे मला दर आठवड्याला भेटतात.

शेवटचं, आणि आईच्या वयाच्या बायकांमध्ये हे फार दिसतं म्हणून मुद्दाम. आई रात्री झोपेसाठी एखादी गोळी घेते का, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, बघ. बायका हे सांगत नाहीत, ‘अर्धीच घेते’ म्हणून औषधात धरत नाहीत. ही गोळीही त्याच गाबा-ए रिसेप्टरवर बसते, फक्त जागा वेगळी, अल्फा आणि गामाच्या मधे. ती गाबाचा जोर वाढवते पण प्रोपोफॉलसारखं स्वतःहून भोक उघडत नाही, म्हणून एकटी गोळी क्वचितच जीव घेते, पण वर भुलेची औषधं आली की दोघींचा जोर एकत्र होतो आणि श्वास दबू शकतो. वर्षानुवर्षं घेत असेल तर रिसेप्टर सवयीचे झालेले असतात, तेही आम्हाला डोस ठरवताना लागतं. आणि ऑपरेशन आहे म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंदही करायची नाही, अचानक तोडली तर उलट अस्वस्थता, थरथर, कधी फिटही येते. गोळीची पट्टी पर्समध्ये टाकून घेऊन ये, नाव वाचून दाखवायची गरज नाही, आम्ही बघून घेतो. आधीचं कुठलं ऑपरेशन झालं असेल, सिझेरियन असो की दाताचं, त्याचा कागद सापडला तर तोही आण, आणि घरात कोणाला भुलेनंतर प्रचंड ताप चढला होता किंवा मशीनवरून काढायला फार वेळ लागला होता असं काही असेल तर मावशा-आत्यांना फोन करून आधीच विचारून ठेव.